पेटीविना रियाज

उसाचं पाचट जळाल्याचा वास आला की मला नववीतला ऊसतोडीचा हंगाम आठवतो. आईबापासोबत कारखान्यावर जायचं होतं आणि सिरसाळ्यातली पेटीची शिकवणी सुटणार म्हणून मी रडत होते. सरांनी मोबाइलवर एक म्हातारे चिनी पियानोवादक दाखवले. म्हणाले, "यांना कैक वर्षं तुरुंगात ठेवलं होतं. तिथं पियानो न्हाई. हे मनातच वाजवत राहिले, अन् सुटल्यावर भरल्या सभागृहात वाजवलं." मग मीही मोळ्या बांधता बांधता मनात भूप वाजवू लागले. भाकरी थापताना बोटं परातीच्या काठावर फिरायची. आई विचारायची, "बोटं कावून हलवायलीस गं?" पाच महिन्यांनी गावी परतलो आणि तिसऱ्याच दिवशी पेटीची परीक्षा होती. पहिला सूर चुकला. मग मात्र बोटं अशी धावली की परीक्षकांनी ताना पुन्हा वाजवायला लावल्या. "रोज किती वेळ बसतेस पेटीवर?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "पेटी नव्हती सर. ऊसतोडीला गेलते." त्यांनी पेन खाली ठेवलं. केंद्रात मी पहिली आले. आता मी शाळेत संगीत शिकवते आणि हंगामाला निघालेल्या पोरींची नावं हजेरीतून कधीच काढत नाही.