मनोहर महाराजांचा कान

मनोहर गेल्याचं मला त्याच्या मुलीनं, वैशालीनं, फोनवर सांगितलं. सकाळची वेळ, मी दुकानाचं शटर नुकतंच वर करत होतो. "काका, बाबा उठतच नाहीत..." एवढंच बोलली. मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणे. बारा-तेरा वर्षं आम्ही दोघांनी एका छपराखाली गाड्यांची चाकं दुरुस्त केली. मी रडलो नाही. मला चारचौघांत रडता येत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वैशाली दुकानावर आली. हातात एक लहानशी डबी. डबीत कानाला लावायचं मशीन, कोरं करकरीत, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता.

"काका, बाबांना वर्षभर ऐकू येत नव्हतं. हे आणून दिलं तर लावलं नाही. म्हणायचे, गिऱ्हाइकानं बघितलं तर धंदा बसेल."

"मग चाकं कशी तपासत होता गं?"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाले, पाटील ऐकतात की, मी नुसतं ठोकतो."

मी तिथंच स्टुलावर बसलो. कारण पाटील म्हणजे मी, आणि मला त्या चाकातलं आजपर्यंत काही म्हणजे काही ऐकू आलेलं नाही.

हे वाचणाऱ्यांना नीट कळावं म्हणून सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, चुकलं तर सांभाळून घ्या. आजकालच्या गाड्यांना लोखंडाची नाही, अलॉयची चाकं असतात. दिसायला देखणी, पण फुटपाथच्या कडेला घासली की ओरखडा पडतो, दुभाजकाला जोरात बसली की काठ वाकतो, आणि कधी कधी आत बारीक चीर जाते. ओरखडा घासून, भरून, रंग मारून जातो. वाकलेला काठ तापवून, दाबून सरळ करता येतो. पण चीर जर स्पोकच्या, म्हणजे मधून काठाकडं जाणाऱ्या दांडीच्या, मुळाशी असली, तर ते चाक मोडीतच टाकायचं असतं. वरून वेल्डिंग केलं, रंग मारला, तर चाक नव्यासारखं दिसतं. आणि एक दिवस भर वेगात तुटतं. गाडीत माणसं असतात...

म्हणून चीर शोधणं हेच आमच्या कामाचं मूळ. ते काम मनोहरच्या कानाचं होतं.

त्याचं घराणं पुजाऱ्याचं. बाप महादेवाच्या देवळात पूजा करायचा, हा वाळूजला कंपनीत लेथवर लागला. मी फुलंब्रीचा, घरची जमीन होती पण मला ट्रॅक्टरच्या गॅरेजची ओढ, तिथून वेल्डिंग शिकून त्याच कंपनीत आलो. मी त्याला महाराज म्हणायचो, तो मला पाटील. त्या मोठ्या दुष्काळात पाण्यावाचून कंपनीनं एक पाळी बंद केली आणि आम्ही दोघं एकाच दिवशी बाहेर पडलो. मी म्हणालो, गावाकडं जाऊन काय करायचं, तिथं विहिरीत दगड दिसतात. तो म्हणाला, "पाटील, रस्त्याकडं बघा जरा." बघितलं तर खरंच. शहर चहूकडं पसरत होतं, माळावर प्लॉट पडत होते, सिमेंटचे रस्ते, मधोमध दुभाजक, कडेला काळे-पिवळे ठोकळे. लोक नवीनच गाड्या घेत होते आणि त्या ठोकळ्यांची सवय कुणालाच नव्हती. रोज एक तरी चाक घासलेलं. आम्ही पत्र्याचं छप्पर भाड्यानं घेतलं.

सुरुवातीला आम्ही दुरुस्त केलेलं चाक टायर चढवून पाण्याच्या टबात बुडवायचो. बुडबुडा आला की समजायचं, हवा जातेय. पण त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं, नळ आठवड्यानं यायचा. टबासाठी पाणी मागायची मलाच लाज वाटायची. टब कोरडा पडला. काठ आम्ही साबणाचा फेस लावून बघायचो, पण स्पोकच्या चिरेतून हवा जातच नाही, ती फेसानं कशी कळणार? तेव्हा मनोहरनं चाक दोरीला टांगलं, लाकडी हातोडीनं हलकं ठोकलं आणि डोळे मिटले. मग म्हणाला, "हे फुटकं आहे." कानशीनं खरवडलं तर खरंच चीर निघाली. मी बघतच राहिलो. तो म्हणाला, लहानपणापासून देवळातल्या घंटा ऐकल्यात, चांगलं चाक बोलत राहतं, चिरलेलं बोलता बोलता गप्प होतं.

ही गोष्ट शहरभर झाली. लोक चाक घेऊन यायचे ते निम्मे त्याचं ठोकणं बघायला. गिऱ्हाईक म्हणायचं, "महाराज, आमचं चाक काय म्हणतंय?" तो म्हणायचा, "म्हणतंय मालकाला पार्किंग शिकवा." सगळे हसायचे. मला मात्र एक रीत फुलंब्रीच्या गॅरेजपासून ठाऊक होती. भाग पुसून त्यावर डिझेल लावायचं, तासाभरानं कोरडं करून खडूची भुकटी भुरभुरायची. चीर असली की आत मुरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. कानाची गरजच नाही. पण त्याला वेळ लागतो, हात घाण होतात, आणि गिऱ्हाइकाला त्यात मजा नाही. पुढं पाणी आलं, टब भरता आला असता, तोही भरला नाही. आमच्याकडं कान होता ना!

आणि माझी चूक तिथंच आहे. पहिल्या वर्षीच मनोहरनं एक चाक ठोकून विचारलं होतं, "आलं का ऐकू, पाटील?" दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती. मी म्हणालो, "आलं की." काही आलं नव्हतं. चांगल्या आणि चिरलेल्या चाकाचा आवाज मला सारखाच. पण मी म्हणालो, आणि एकदा म्हणाल्यावर मागं घ्यायचा माझा स्वभाव नाही. पुढं प्रत्येक वेळी तो ठोकायचा, माझ्याकडं बघायचा, आणि मी मान हलवायचो, जाणकारासारखी. त्याला लई आनंद व्हायचा, जोडीदाराला कान आला म्हणून. तोवर काही बिघडलं नाही, कारण निकाल त्याचाच असायचा. माझी मान नुसती शोभेला होती.

गेल्या वर्षी ती शोभेची राहिली नाही. तो ठोकायचा, ऐकू यायचं नाही, मग माझ्या तोंडाकडं बघायचा. मी आपला त्याच्या तोंडाकडं बघायचो, तो शांत दिसला की मान हलवायचो. माझी मान हलली की तो चाक खाली उतरवायचा. दोघांपैकी कुणीच ऐकत नव्हतं.

मला कळायला पाहिजे होतं. चहा सांगितला तर हा पाना आणून द्यायचा. मी एकदा म्हणालोसुद्धा, "महाराज, कानात तूप ओतलंय का?" तो हसला. आता वाटतं, त्याला तेही ऐकू आलं नसेल. माझे दात दिसले म्हणून हसला असेल.

वैशाली गेल्यावर मी आठवायला बसलो. नुसत्या ओरखड्याची चाकं सोडली, तरी जोरात आदळलेली, काठाला वेल्डिंग केलेली सतरा चाकं निघाली त्या वर्षातली. सतरा गाड्या रस्त्यावर. मला जेवण जाईना. रस्त्यानं गाडी गेली की माझी नजर खाली, चाकावर. बायको म्हणाली, "कळवून टाका ना लोकांना." मी म्हणालो, काय कळवू? तेरा वर्षं खोटी मान हलवली म्हणून? मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही, बापाचीसुद्धा नाही. दोन दिवस तसाच बसलो. तिसऱ्या दिवशी बातमीत कुठंतरी गाडी उलटल्याचं ऐकलं. गाडी कुणाची, काय झालं, काही कळेना. आमचं चाक नव्हतं ते, पण हे चौकशी केल्यावर कळलं. मग मी मनोहरचा मोबाईल मागून आणला, गिऱ्हाइकांचे नंबर त्यातच होते, आणि एकेकाला फोन लावले.

लोक आले. कुणी चिडले, कुणी हसले. मी प्रत्येकाला तेच सांगितलं, जसं घडलं तसं. डिझेल, खडू. नऊ चाकं स्वच्छ निघाली आणि मला वाटलं, उगाच जीव टांगणीला लावला. दहावं चाक बिडकीनच्या एका तरण्या माणसाचं. भुकटी टाकली, आम्ही दोघं वाकून बघत होतो, आणि स्पोकच्या मुळाशी काळी रेघ सरकत आली. बोटाएवढी.

तो म्हणाला, "काका, तुम्हीच ओके म्हणले होते ना?"

"व्हय, मीच म्हणलो होतो."

"माझी बायको याच गाडीत दवाखान्यात जाते. आठवा महिना आहे तिला."

माझ्याच गाडीचं जादा चाक होतं ते त्याला बसेना, तर बाजारातून आणून बसवून दिलं. त्या दिवशी संध्याकाळी मी मनोहरवर लई चिडलो. दोरीला टांगलेल्या त्याच्या हातोडीला शिव्या दिल्या. मशीन लावलं असतं तर काय झालं असतं तुझं? मग लक्षात आलं, त्याला मशीनची लाज वाटली आणि मला 'नाही ऐकू येत' म्हणायची. आम्ही दोघं सारखेच. त्याचा तरी एक आधार होता. त्याला खात्री होती, पाटील ऐकतोय.

सोळा चाकं झाली. आणखी एकाला रेघ निघाली, तेही बदललं.

सतरावं सापडत नाही. ते सोयगावकडच्या एका गुरुजींचं. त्यांचा फोन नंबर नाही, कारण त्यांनी फोन केलाच नाही, थेट दुकानावर आले. काम होईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. गाडीचा नंबर आम्ही खडूनं भिंतीवर लिहायचो, त्यांचा तोही लिहिला नव्हता. मी दोनदा एसटीनं सोयगावला जाऊन आलो. स्टँडवर, शाळेच्या फाटकावर विचारलं. चंदेरी गाडीवाले गुरुजी तिथं बरेच आहेत, आणि मी अंगठाबहाद्दर दिसणारा म्हातारा, कुणी नीट उत्तर देत नाही. एक जण म्हणाला, "वसुली आहे का बाबा?" मी म्हणालो, नाय रे, चाक आहे.

पेपरच्या या पुरवणीसाठी मनोहरबद्दल चांगलं लिहायला बसलो होतो. तो चांगलाच होता. पण त्याच्या नावावर एक चाक अजून फिरतंय, आणि ते फिरतंय तोवर मला त्याच्याविषयी दुसरं काही लिहिता येत नाही.

गुरुजी, त्या दिवशी तुम्ही बाकड्यावर बसून हीच पुरवणी वाचत होता, म्हणून इथं लिहितोय. तुमच्यासोबत तुमची आई होती आणि एक लहान मुलगी, तिला खिडकीजवळ बसायचं होतं. पुढचं, डाव्या हाताचं चाक. जालना रोडला दुभाजकावर बसलं होतं. हे वाचलं तर सोयगावच्या वाटेवरचा घाट उतरू नका. इकडं घेऊनही येऊ नका. गाडी आहे तिथंच उभी करा आणि दुकानावर नुसता निरोप धाडा. जॅक, पाना, डिझेल, खडू, चांगलं चाक, सगळं घेऊन मी येतो. चाक वरून चांगलं दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. रंग मीच मारलाय, तो चांगलाच दिसणार.