संक्रांतीला जावई खाली बसले होते

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. वकिलांजवळ नाही, बहिणीजवळ नाही, देवाजवळ तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते. पण चेहरा पाडून सांगणं मला जमायचं नाही — तो दिवस आठवला की अजून माझ्या अंगात वारं शिरतं!

सई माझी नात, माझ्या मेघनाची मुलगी. मेघना गेली तेव्हा ही जेमतेम चालायला लागली होती. जावई, अनिरुद्धराव, कोल्हापूरचे. नोकरी सदा फिरतीची. त्यांनीच तिला जयपूरला माझ्याकडे आणून सोडलं. आमचे हे विमा कंपनीत होते, बदलीने इथे आलो आणि तिलक नगरात राहूनच गेलो. तेही गेले. घरात मी आणि सई, दोघीच. पोर इथे वाढली, हिंदीत भांडायला शिकली, रोज सकाळी माझ्या कुशीत जागी झाली. आणि मग नोकरी एका जागी स्थिरावल्यावर जावई म्हणाले, सईला न्यायला येतो. न्यायला? म्हणजे उचलायची आणि न्यायची? माझं काय मग?

प्रकरण फॅमिली कोर्टात गेलं. जज मॅडम समजूतदार होत्या. म्हणाल्या, वडिलांनी घरी येऊन एक अख्खा दिवस मुलीसोबत घालवावा, मग मी तिच्याशी एकटीशी बोलेन, दिवस तुम्ही आपसांत ठरवा. मी पटकन म्हणाले — संक्रांत.

सणाला बोलावलं म्हणून जावयांना केवढा आनंद झाला! त्यांना संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि माणसांचं येणंजाणं. इथली संक्रांत त्यांना कुठून माहीत? इथे त्या दिवशी अख्खं शहर गच्चीवर असतं. उजाडल्यापासून लाउडस्पीकर, आभाळभर पतंग, पोरं जेवायलासुद्धा खाली उतरत नाहीत. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर —

नाही. तेवढंच असतं तर एवढं काय सांगण्यासारखं होतं?

ते सकाळीच आले. नवा सदरा, हातात तिळाच्या वड्यांचा डबा. सई गच्चीवर आहे म्हटल्यावर लगेच जिन्याकडे निघाले. मी आडवी गेले.

"मैत्रिणींसमोर तुम्ही एकदम गेलात तर बुजेल ती. मी सांगते तिला तुम्ही आल्याचं. आपणहून येईल."

भला माणूस. बसला.

मी वर गेले. आणि सांगितलं नाही.

सांगितलं नाही हो! मांजाची चरखी हातात घेतली आणि तिच्यामागे उभी राहिले. सई ओरडत होती, "आजी, ढील दो, ढील दो!" मी मांजा सोडत होते. समोरच्या गच्चीवरचा पतंग कापला गेला तेव्हा आम्ही दोघी "वो काटा" म्हणून अशा किंचाळलो की माझा घसा बसला. काय मजा आली म्हणून सांगू! आणि खाली एक बाप जिन्याकडे डोळे लावून बसला होता. मधूनमधून मी उतरत होते, त्यांना इथली शेवयांसारखी गोड फीणी वाढत होते, म्हणत होते, सांगितलंय हो, येतेच म्हणाली. त्यांनी काय समजायचं? मुलीला आपण नकोत — दुसरं काय?

अंधार पडताना सई उतरली. त्यांची निघायची वेळ झाली होती. त्यांनी तिच्या हातावर वडी ठेवली, केसांवरून हात फिरवला. कधीची वाट बघतोय, असं चकार शब्दाने बोलले नाहीत. ते गेल्यावर तिने विचारलं, पापा वर का नाही आले? मी म्हणाले, त्यांचं मन नव्हतं.

तेच ती मॅडमना सांगून आली. ऑटोत बसल्या बसल्या मला म्हणालीसुद्धा, "मैंने बोल दिया, पापा का मन नहीं था."

निकाल लागला. सई माझ्याकडे, वडिलांनी सुट्टीत येऊन भेटावं. कोर्टाच्या आवारात जावई माझ्या पायाशी वाकले.

"आई, त्या दिवशीच कळलं मला. ती तुमचीच आहे."

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. लाज वाटली का तेव्हा? नाही. आनंदच झाला. घरी जाताना कलाकंद घेतला, शेजारीपाजारी वाटला.

आता ते सुट्टीत येतात, सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे बसतात. ती नमस्ते करून आत जाते. मी दोघांना चहा-दूध देते आणि दोघांचे चेहरे बघते. मला कळतं. एका वाक्याचं काम आहे.

आत्ताही ते बाहेरच्या खोलीत बसलेत. सई आत गृहपाठ करतेय, मी हाक मारली तर लगेच उठून येईल.

मी हाक मारत नाही.