कठड्याला पाणी कोणी मारलं?

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. सायकलला लिंबू-मिरची बांधून येणाऱ्या पोरांची भर वर्गात टिंगल करणारा मी मास्तर. या सदरातले अनुभव वाचतानाही बायकोला म्हणतो, "रात्री जेवण जड झालं की असंच दिसतं." म्हणूनच स्वतःचा अनुभव लिहायला इतकी वर्षं लागली... आणि तो रात्रीचा नाहीच. नागपूरच्या उन्हाळ्यातल्या भर दुपारचा आहे.

साल चौऱ्याहत्तर. आम्ही इतवारीत एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी, बायको सुमन आणि चार वर्षांची शालू. सक्करदऱ्याच्या पुढे, जिथे तेव्हा अर्धी वस्ती आणि अर्धी शेतं होती, एक घर विकायला असल्याचं कळलं. दोन खोल्या, वर कवेलूंचं म्हणजे कौलांचं छप्पर, मागे अंगण आणि अंगणात विहीर. सभोवती पुरुषभर उंचीची भिंत, आत यायला एकच फाटक. मालक तुळशीरामजी. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. जन्मभर लोकांची घरं बांधली आणि स्वतःच्या विहिरीचा कठडा मात्र ढासळलेला! बायको वारल्यावर ते मुलीकडे राहायला गेले होते, म्हणून घर विकत होते.

सुमनला घर आवडलं, पण ती उघडी विहीर पाहून तिने शालूचा हात घट्ट धरला. शालू म्हणजे पायाला भिंगरी. आम्ही एकच अट घातली, ताबा घेण्याआधी कठडा बांधून हवा. मिस्त्रींनी शब्द दिला, "अक्षय तृतीयेच्या आत करून देतो, गुरुजी."

अक्षय तृतीयेला हातठेल्यावर सामान लादून पोचलो, तर कठडा अर्धाच! एका बाजूला नव्या विटा, दुसऱ्या बाजूला सरळ खोल पाणी. मिस्त्री विटा भिजवत बसले होते.

"परमिटच नाही भेटलं जी सिमेंटचं. कालच पोते आले. पाच दिवस द्या."

माझं डोकं फिरलं. आयुष्यातलं पहिलं घर, तेही बायकोचे दागिने मोडून घेतलेलं. शेजारच्या गिरजाबाई आपल्या ओट्यावर चढून भिंतीवरून पाहत होत्या, ठेलेवाला उभा होता... आणि त्या सगळ्यांसमोर मी पासष्टीच्या माणसाला म्हणालो, "तुमच्या शब्दाला किंमत नाही, मिस्त्री. फसवलंत तुम्ही आम्हाला!"

त्यांनी फक्त हात जोडले. पाच दिवस एकट्याने काम केलं. तेवढे दिवस सुमनने शालूला कडेवरून खाली उतरवलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी शेवटची वीट बसली. कठड्यावर त्यांनी बारदाना अंथरला, ओला केला आणि म्हणाले, "आता पंधरा दिवस तराई. उन्हाळ्यातलं काम हाये. पानी चुकलं त भित उभी दिसते, पन तिच्यात जीव राह्यत नाही. मी रोज दुपारी येऊन पानी मारतो."

आता माझं शहाणपण ऐका. सिमेंट घट्ट होतं म्हणजे ते वाळतं, अशी माझी समजूत. विज्ञानाचा मास्तर! मग वाळायला हवं त्याला पाणी कशाला? मला वाटलं, म्हाताऱ्याचा जीव घरातून सुटत नाही, येण्याजाण्याचं निमित्त शोधतोय.

दुसऱ्याच दिवशी आम्हाला मेहुणीच्या लग्नाला उमरेडजवळच्या गावी जायचं होतं. सुमन म्हणाली, "किल्ली देऊन टाका न त्याहिले. येवढ्या उन्हात मानूस येईन."

"घर विकलं म्हणजे विकलं," मी म्हणालो. बादली आणि दोर स्वयंपाकघरात ठेवून त्याला कुलूप लावलं, फाटकालाही लावलं. मिस्त्रींना निरोपसुद्धा दिला नाही.

बाराव्या दिवशी परतलो. दुपारचा एक वाजला असेल. फाटक उघडलं आणि तिथेच थबकलो. विहिरीभोवतीची फरशी ओली होती. कठड्यावरच्या बारदान्यातून पाणी टपटप गळत होतं. हात लावला, तर थंडगार.

पहिला विचार आला, म्हातारा भिंतीवरून चढून आला! रागाने स्वयंपाकघर उघडलं. बादली जिथे ठेवली तिथेच, आत धूळ. दोर कोरडा.

तेवढ्यात गिरजाबाई भिंतीवरून डोकावल्या. "आत्ता आले का जी मास्तर? मंग रोज दुपारी पानी कोन मारे? मले आवाज ये. म्हटलं, तुम्हीच परत आले असान."

"मिस्त्री येत असतील," मी म्हणालो.

गिरजाबाई हळूच म्हणाल्या, "थे कसे येतीन? मिस्त्री वारले न. तुम्ही गेले त्याच दिवशी दुपारी आले होते. कुलूप पाह्यलं अन् फाटकापाशी बसून राह्यले. मी म्हटलं, घरी जा, ऊन लागन. त म्हने, मास्तर येतच असन, भितीले पानी माराचं हाये. दोन घंटे बसले जी. घरी गेले अन् तापानं फनफनले. तिसऱ्या दिवशी गेले."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. शालूला उचलून आत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी त्यांच्या मुलीकडे गेलो. मान वर करायची हिंमत नव्हती. ती मला दोष देत नव्हती, नुसतं सांगत होती. "तापात सारखे बोटावर दिवस मोजत. पंधरा पुरे होऊ दे, म्हनत."

आता विज्ञानाचं म्हणाल तर सगळं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बारदाना भिजवला, दोन तासांत कडकडीत वाळला. म्हणजे आम्ही आलो त्या दुपारी पाणी नुकतंच मारलेलं असणार. भिंतीवर चढल्याची खूण नव्हती, कुलूप शाबूत होतं. गिरजाबाईंना खोदून खोदून विचारलं. त्यांनी घरात पडल्या पडल्या आवाज ऐकला होता, माणूस पाहिला नव्हता.

उरलेले तीन दिवस मी स्वतः पाणी मारलं. भर दुपारी, डोक्याला काही न बांधता. त्यानंतर तसा आवाज कधी आला नाही.

पुढे शाळेच्या कामावरच्या एका गवंड्याला कठडा दाखवला. त्याने थापीने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "लोखंड हाये हे. पुरी तराई झाली साहेब. बिनपान्याचं राह्यलं असतं त सिमेंटचा मसाला हातानं झडला असता."

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी शालू कठड्यावर चढली आणि आत वाकली. सुमनने झेप घेतली आणि तिचा पाय धरला. सुमनचं अर्धं अंग कठड्यावरून आत लोंबकळत होतं, पोटाखाली तोच शेवटी बांधलेला भाग. सगळा भार त्याच विटांवर. एक वीट हलली असती तर दोघीही गेल्या असत्या. मी धावत जाऊन त्यांना मागे ओढलं आणि तिथेच फरशीवर बसून रडलो. मिस्त्रींचं नाव घेऊन रडलो, लपवत नाही.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. मी हे काही मानत नाही. तरी पुढच्या वर्षी सुमनने घागरी मांडल्या, तेव्हा एक जास्तीची मीच भरली आणि कठड्यावर नेऊन ठेवली. तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. नळ आले, घरावर स्लॅब पडला, शालूची मुलं कॉलेजात गेली. विहिरीवर जाळी बसवली, पण कठड्याला हात लावू दिला नाही.

पाणी कोणी मारलं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कोणाकडे असेल तर जरूर कळवा. पण मी किल्ली का दिली नाही, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे, आणि मला छळतं ते तेच. म्हणून अक्षय तृतीयेपासून पंधरा दिवस, घरात कोणी असो वा नसो, आमच्या फाटकाला कुलूप लागत नाही.