आधी चाल, मग अर्थ

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन आणि शेजारी उघडी पोथी. आई लवकर गेली, म्हणून दोन्ही भावांना वन्संनीच वाढवलं. वळण लावलं तेही ओव्यांनीच. मशीनच्या ठेक्यावर त्या म्हणायच्या, सगळं सोडून निघालेल्याच्या वाटेवर झाडं आपणहून सावली धरतात, आणि पोरं कातरणं वेचायची विसरायची.

त्यांची रीत ठरलेली. आधी चाल, मग अर्थ. गोडी लागली की शहाणपण मागून येतं, असं त्यांना वाटे. आमचे हे गायला लागले की शेजारी खिडक्या लावून घेत, पण हे अर्थ संपेपर्यंत बसायचे. धाकट्याचा गळा गोड. तो चाल उचलायचा आणि अर्थ सुरू झाला की चप्पल घालून पसार. वन्सं हसायच्या. म्हणायच्या, गळ्यात आहे ते कधीतरी पोटात उतरेल.

पुढे धाकट्या भावजींना दुकान थाटायचं होतं. रस्त्यावर उघडणारी खोली म्हणजे वन्संची ती पुढची, तेवढी एकच. वन्संनी नाही म्हटलं. मागच्या खोलीत उजेड नाही, सुई ओवता येणार नाही, मग शिवण बंद आणि भावांच्या तोंडाकडे बघत जेवायचं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. भावजी पुन्हा आले तेव्हा वाद घातला नाही. मशीनपाशी खाली बसले आणि तीच ओवी म्हणू लागले. तीच चाल, तोच ठेका, डोळ्यांतून धारा. ते रडणं खोटं नव्हतं. तेच तर वाईट.

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. मीही तांदूळ निवडत राहिले.

वन्संनी मशीनवर कापड पांघरलं. "घे. इतकं सुंदर म्हटलंस, आता नाही कसं म्हणू?"

दुकान उत्तम चाललंय. मागच्या खोलीत नेलेल्या मशीनवर आता ओले कपडे वाळतात. गिऱ्हाईक नसलं की भावजी ती ओवी गुणगुणतात. मी रोज देवापुढे बसणारी बाई, पण ती कानावर आली की माझे हात जोडले जात नाहीत.

परवा भावजींची मुलगी मागच्या खोलीत वन्संकडे आली. "आत्या, बाबा म्हणतात ते गाणं शिकव ना."

"बस," वन्सं म्हणाल्या. "आधी अर्थ सांगते."

"आणि चाल?"

"अर्थ कळल्यावर."

पोरगी थोडा वेळ चुळबुळली. मग अंधारात चाचपडत चप्पल शोधू लागली.