दगड चाटणाऱ्या बाई

बाई दगड चाटायच्या. तुम्ही म्हणाल, काहीतरीच. पण आमच्या शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, भर मैदानात, सगळ्या सातवीसमोर त्यांनी हातपंपावर एक दगड खळखळून धुतला, पदराला पुसला आणि त्याला जीभ लावली. मग तो पुन्हा धुऊन-पुसून पुढच्या पोराच्या हातात दिला.

"लाव जीभ. चिकटली का?"

पोरगं आम्हा शिक्षकांच्या तोंडाकडं बघायला लागलं. बाईंनी भुवई उडवली तशी त्यानं डोळे मिटून जीभ लावली आणि नाही म्हणून मान हलवली. "मग हा नुसता दगड," बाई म्हणाल्या, आणि दुसरा धुवायला घेतला.

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. गाव मांजरेच्या काठचं, लातूर जिल्ह्यातलं. बाईंचं माहेर नांदेडकडच्या लोह्याचं, विषय विज्ञान, आवाज फौजदाराचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एखादं जनावर फार जुन्या काळी नदीच्या गाळात गाडलं गेलं, की त्याच्या हाडाचा हळूहळू दगड होतो, पण हाडातली बारीक छिद्रं तशीच राहतात. ती ओल ओढून घेतात, म्हणून असा दगड जिभेला धरतो. साधा दगड धरत नाही. ही कच्ची परीक्षा आहे, पक्की नव्हे, हेही त्या प्रत्येक वेळी बजावून सांगत.

गावात व्हायचा तो बोभाटा झालाच. आया तक्रार घेऊन आल्या की पोरं घरात पाटा-वरवंटा चाटून बघायलेत, जंत झाले तर कोण निस्तरणार. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, यात्रेत रंगाचा गोळा चोखतात तेव्हा तो कुठल्या पाण्याचा असतो ते कुणी विचारलंय का? माझ्या वर्गात दगड तरी धुतलेला असतो. आया गेल्या, पण तोंडं फुगवूनच.

खरोशाच्या लेण्यांची सहल तर मी विसरणार नाही. पोरी आत जाईनात. वटवाघूळ केसांत अडकतं आणि मग केस कापल्याशिवाय निघत नाही, असं त्यांना घरून सांगितलेलं. बाईंनी वाद घातला नाही. दिवस मावळायच्या सुमाराला अंबाडा सोडला, केस पाठीवर मोकळे टाकले आणि एका लेण्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं आतून वटवाघळं निघाली. डोक्यावरून, कानाजवळून, खांद्यालगत सुटली. बाई हलल्या नाहीत. शेवटी मागं वळून म्हणाल्या, "या आता, मोजा किती अडकली." पोरी धावत गेल्या आणि खरंच केस चाचपून आल्या. परतीच्या गाडीत, ही पाखरं रात्रभर आपल्या पिकावरचे किडे खातात यावर त्या इतकं बोलल्या की ड्रायव्हरनं गाणी बंद केली.

मला बाई आवडायच्या. हे लिहायला काय हरकत आहे? शाळेत आम्ही सगळे हो ला हो करणारे. त्या एकट्या नाही म्हणायच्या, आणि नाही म्हटल्यावर शांत झोपायच्या.

आता मुख्य गोष्ट. गावाबाहेर नदीकाठाला आमचा म्हसोबा आहे. नारळावर भागवून घेणारा, गरीब देव. फार मागं कधीतरी पुरात वाहत आला आणि काठाला थांबला, म्हणून गावानं त्याला शेंदूर लावला. समोरून तो गोल, गुडघ्यासारखा दिसतो. मागच्या बाजूला शेंदूर पोचलेला नाही. सातवीतली शिवकन्या नावाची पोरगी एका दुपारी आईबरोबर नारळ द्यायला गेली. आई अगरबत्ती पेटवत होती तेवढ्यात ही मागं गेली, बाटलीतल्या पाण्यानं देवाची पाठ नीट धुतली, पुसून कोरडी केली, कारण धुतल्याशिवाय तोंड लावायचं नाही हा बाईंचा नियम, आणि जीभ लावली.

चिकटली.

ती ओरडतच शाळेत आली की म्हसोबा हाड आहे. बाई दुसऱ्या दिवशी एकट्या जाऊन बघून आल्या. हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं. पाठीच्या उघड्या भागात मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसत होती. वर्गात त्यांनी सांगितलं की शिवकन्याचं बरोबर वाटतंय, एखाद्या मोठ्या जनावराच्या पायाचं हाड असावं, हत्तीचंही असेल, नक्की सांगण्याइतकं मला कळत नाही.

गाव पेटलं. आमच्याकडं निम्मी घरं लिंगायतांची, अंड्याला न शिवणारी, आणि त्यांच्या वेशीवरचा देव हाड? मारुतीच्या पारावर बैठक बसली. ठरलं असं की पोरीनं म्हसोबापुढं नाक घासायचं आणि मी खोटं बोलले असं सगळ्यांसमोर म्हणायचं. नाहीतर तिच्या घराशी गावाचं येणंजाणं बंद. पोरीचा बाप खाली मान घालून बसला होता. औशाला ऑटो चालवणारा साधा माणूस, गावाशी वैर त्याला परवडणारं नव्हतं.

बाई न बोलावता आल्या. सरपंच म्हणाले, "बाई, तुम्ही देवाला हाड म्हणायलात. गाव ऐकून घेणार न्हाई."

"चाटायला मी शिकवलं," बाई म्हणाल्या. "देवाला तोंड लावलं ही चूक झाली, ती माझी. नाक मी घासते. पण पोरगी खोटं बोलली असं तिच्या तोंडून वदवून घ्यायचं नाही. ते मी होऊ देणार नाही."

आणि त्या खरंच गेल्या. आम्ही सगळे मागून. बाईंनी म्हसोबापुढं गुडघे टेकले, नाक घासलं आणि उठल्या. नाकाला शेंदूर लागला होता, तो त्यांनी पुसला नाही. एवढ्यानं भागलं असतं. पण एक म्हातारा हट्टाला पेटला. त्यानं शिवकन्याला पुढं ओढलं आणि म्हणाला, खोटं बोलले म्हण.

पोरीनं बापाकडं पाहिलं, मग बाईंकडं. हे वाक्य कुणी तिला शिकवलेलं नव्हतं, मी शपथेवर सांगतो.

"आजोबा, चिकटली ती चिकटली. तुमी बी लावून बघा की."

बायकांच्या घोळक्यात कुणीतरी पदर तोंडाला लावला. म्हाताऱ्यानं हात सोडला. बाप पुढं आला, लेकीला उचलून खांद्यावर घेतलं आणि कुणाशी एक अक्षर न बोलता घराकडं चालायला लागला. सातवीतली पोरगी, पाय त्याच्या कमरेखाली लोंबत होते, पण त्यानं तिला खाली ठेवलं नाही. त्या घराशी येणंजाणं बंद करायची भाषा पुन्हा कुणी काढली नाही.

बाईंची मात्र बदली झाली. अर्जांवर अर्ज गेले असणार. कागदावर लिहिलेलं कारण प्रशासकीय सोय. नवी शाळा पार उदगीरच्या पलीकडं. मी म्हटलं, भेटून विनंती करू. त्या म्हणाल्या, "तिकडं दगड नाहीत का, सर?" निरोप समारंभ झाला नाही. स्टँडवर सातवीची पोरं आली, प्रत्येकाच्या हातात एकेक धुतलेला दगड. पिशवी इतकी जड झाली की कंडक्टर कुरकुरला. बाईंनी त्याला लगेजचं तिकीट फाडायला लावलं.

पुढं गावानं वर्गणी काढून म्हसोबाला फरशीचा ओटा केला, पत्रे घातले, चारी बाजूंनी लोखंडी जाळी लावली आणि जाळीला कुलूप. शेंदूरही आता पाठीपर्यंत, हाताहातानं थापलेला. पोरांना घेऊन मी परवा तिथून चाललो होतो. शिवकन्या थांबली, कुलूप हातात घेऊन पाहिलं आणि मला विचारलं,

"सर, हाड न्हाई तर कुलूप कशाला लावलंय?"

त्या रात्री मी बाईंना फोन करून हे सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि फौजदारी आवाजात त्या म्हणाल्या, "तिला उत्तर देऊ नका, सर. तिचं ती काढेल."