वरच्या वाडीतला जपान

रत्नागिरीहून जयगडची एसटी पकडली, ती गणपतीत जपानवर व्याख्यान द्यायला. गणपतीत जपान कशाला, असं तुम्ही विचाराल. निवृत्त इतिहास शिक्षकाला विषय निवडायला सांगितला की असंच होतं.

फाट्यावर उतरून चालत गेलो, तर वरच्या वाडीच्या साकवावर (ओढ्यावरचा छोटा पूल) बांबू आडवा. अलीकडे मोदकांचा डबा घेऊन एक तरुणी उभी होती. ही सुमन. मला बोलावणारे वाडीचे मानकरी अण्णा, त्यांची मुलगी. ओढ्याअलीकडच्या खालच्या वाडीत दिलेली.

"शिमग्यात पालखी आधी कुठं नाचवायची, यावरनं दोन वाड्यांत भांडाण झालं, गुरुजी. तवापासनं बाबांनी वाडी बंद केली. मासळीवाली तेवढी साकवापर्यंत येते. लेकीलाबी बंदी हाय. तुमी कायतरी बोला."

मला नागासाकीचं चिमुकलं बेट आठवलं. दोनशे वर्षं जपानने दारं लावून घेतली होती आणि डच व्यापारी तेवढे त्या बेटावर कोंडलेले. पोरीसाठी जीव तुटला. ठरवलं, आज हा बांबू काढायचाच.

पाहुणा म्हणून मला तेवढं बांबूखालून आत घेतलं. अण्णांकडे आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ हाणली आणि मांडवात उभा राहिलो. अमेरिकेची काळी जहाजं आली, जपानने दारं उघडली, सरदारांनी शेंड्या कापल्या, रेल्वे आली, आरमार आलं आणि एवढासा देश बलाढ्य झाला! टाळ्याच टाळ्या. दोघांनी धावत जाऊन बांबू उपटला. सुमन मांडवात आली, अण्णांनी डोळे पुसले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण समोर श्रोते दिसले की आमच्या जिभेला ब्रेक नसतो. मग जपानने कोरिया घेतला, मांचुरिया घेतला...

अण्णा उठले. "वायच थांबा, गुरुजी. च्या घ्या."

चहा आला, श्रोते गेले. मांडवात मी, सुमन आणि गणपती. जपानच्या पराभवाचं प्रकरण तोंडातच राहिलं.

दुपार कलल्यावर मंडळी चिखलाने माखून परतली. ओढ्याकाठचा गडगा (रचलेल्या दगडांचं कुंपण) उचलून त्यांनी थेट सुमनच्या घरापलीकडे नेऊन रचला होता.

"सुमे, तुझं घर आता आपल्याच हद्दीत!" अण्णा म्हणाले.

सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, सासरबी तुमचंच केलंव, मग मी माहेराला येऊ कुठनं?"

अण्णा उठले, आणि पहिला दगड मागे आणायला स्वतःच गेले.

फाट्यावर मला सोडताना म्हणाले, "गुरुजी, पुढल्या वर्षी दुसरा देश आणा. कुणाचं कायबी न घेतलेला."

रत्नागिरी येईपर्यंत मी असा देश शोधत होतो. अजून शोधतोय.