येशुदास सरांचा ‘थम’

येशुदास सरांना अधिकारी व्हायचं नव्हतं. त्यांना फक्त दौंडात राहायचं होतं.

दोन हजार सालाच्या आसपास इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या गल्लीबोळांतून फिरायला लागल्या, आणि सर शिकवत होते त्या मराठी शाळेची एक तुकडी बंद पडणार हे ठरलं. तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त होतो. अतिरिक्त म्हणजे नोकरी असते, पण शाळा नसते. शाळा नसली की पगार कुणी काढायचा यावर दोन कार्यालयं एकमेकांना पत्रं लिहितात, आणि ती लिहून होईपर्यंत माणसाने हवा खायची. सेवाज्येष्ठतेत सर सगळ्यांत खाली होते, म्हणजे जाणाऱ्यांत सगळ्यांत वर.

मुख्याध्यापक आनंदरावांनी वाट दाखवली. “एनसीसी घ्या. एनसीसीच्या मास्तरला हलवलं की पथक बंद पडतं, संस्था ते होऊ देणार नाही. पण अधिकाऱ्याचं कमिशन मिळवा बरं का. नुसत्या खाकीवर भागायचं नाही.”

मग चाळिशी गाठलेले सर प्रशिक्षणाला गेले. तिथे मास्तरांचे अधिकारी करत. धैर्य, निर्णयशक्ती, पुढाकार वगैरे नेतृत्वाचे गुण फळ्यावर लिहून देत. सरांनी ते पाठ केले आणि लेखी परीक्षेत पहिले आले. मैदानावर मात्र त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचेना.

याला कारण होतं. तरुणपणापासून सर रेल्वे कॉलनीतल्या चर्चची गायनमंडळी चालवत. हात वर केला की सगळी तोंडं उघडायची, मूठ मिटली की मिटायची. वर्गातही तेच. ओरडायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. परेडमध्ये मात्र पथक पाठ करून चालत जातं, त्याला हात दिसत नाही. बाकी सगळ्यांत सर पास झाले. हुकमाच्या आवाजाचं पुढच्या वार्षिक शिबिरात पुन्हा पाहू, असं सांगून त्यांना परत पाठवलं.

खुटबावचे भिमाजी, फौजेतले निवृत्त हवालदार, संध्याकाळी येऊन शिकवायला तयार झाले. मालधक्क्यामागच्या मोकळ्या जागेत सर बाभळींना हुकूम देऊ लागले.

“सर, ह्यो हुकूम न्हाई, इनंती झाली,” भिमाजी म्हणाले.

“जोर लागत नाही हो घशाला.”

“घशाचं काय काम? पोटातनं काढा. आन् म्होरला थांबंल का न्हाई, ह्यो इचारच करायचा न्हाई. त्यो थांबतोयच.”

“आणि नाही थांबला तर?”

अख्ख्या नोकरीत भिमाजींना हा प्रश्न पडला नव्हता. “हितंच घोटाळा हाय तुमचा,” ते म्हणाले.

पलीकडून रेल्वेचा एक पॉइंट्समन ओरडला, “ओ मामा, कुनाला बोलावताय? मघाधरनं ऐकतोय, कुनी येईना की!” त्याचा आवाज मालगाडीच्या खडखडाटातूनही स्वच्छ ऐकू आला. सर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

घरी ग्लॅडिसबाई, सरांच्या पत्नी, हळदमिठाच्या गुळण्या तयार ठेवत. त्या खासगी दवाखान्यात नर्स होत्या. मुलगी मर्सी यंदा दहावीला.

“माझ्यावर ओरडून बघा,” एकदा त्या म्हणाल्या.

“तुझ्यावर? उगाच?”

“मग काय कारण शोधत बसणार? ओरडा.”

“ग्लॅडिस, थम!”

कालवणाचं पातेलं घेऊन निघालेल्या बाई थांबल्या नाहीत. त्यांना हसू आलं. पातेलं ओट्यावर ठेवलं, हसता हसता खाली बसल्या, आणि मग हसणं कुठे संपलं ते सरांना कळलं नाही. “हे गाव सोडून कुठं जायचं हो आता?” त्या पदराआडून म्हणाल्या. सरांनी गुळण्या वाढवल्या.

शिबिर मांडवगण फराट्याच्या अलीकडच्या माळावर होतं. सरांनी आपली मुलं उभी केली, पण परीक्षा घेणाऱ्या कर्नलसाहेबांनी ती बाजूला काढली. “अपने बच्चे तो सुन ही लेते हैं,” ते म्हणाले, आणि शिरूरकडच्या एका शाळेचं अनोळखी पथक दिलं.

“तेज चल,” सर म्हणाले. पथक जवळच होतं, निघालं. पुढे कालव्याची चारी, म्हणजे शेतांकडे पाणी नेणारा चर, होता. पाण्याचं आवर्तन सुटलेलं, चारी भरून वाहत होती. चारीआधी थांबवायचं, एवढीच परीक्षा.

“थम!”

वारा समोरून होता. पथक चालत राहिलं.

“थम!” दुसरा आवाज फाटला, तिसरा बाहेरच आला नाही. हुकमाशिवाय थांबायचं नाही, हे त्या मुलांना फार नीट शिकवलेलं होतं. पुढची मुलगी काठापासून चार पावलांवर आली तेव्हा सर धावत सुटले. पथकाला वळसा घालून ते थेट चारीत उतरले, मांडीभर पाण्यात उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले.

पथक जागच्या जागी थांबलं. इतकं एका ठेक्यात त्या शिबिरात कुणीच थांबलं नव्हतं.

कर्नलसाहेब चालत आले. “किसने रोका?”

“मैंने, सर.”

“आवाज से?”

“हाथ से, सर.” सर अजून पाण्यातच होते. “सर, एक बार और. मेरी नौकरी का सवाल है.”

साहेबांनी त्यांना हात देऊन बाहेर काढलं. “मास्टरजी, आप बहुत अच्छे आदमी हैं,” ते म्हणाले आणि पुढच्या उमेदवाराकडे वळले. फौजेत यापेक्षा वाईट शेरा नाही, असं भिमाजींनी नंतर समजावून सांगितलं.

जूनमध्ये पथक बिरदेव नावाच्या कसरतीच्या मास्तराकडे गेलं आणि सर अतिरिक्त झाले. पगार थांबला. दुसरी शाळा ठरेपर्यंत रोज जुन्याच शाळेत येऊन सही करायची होती. तास नव्हते, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांना पाहून बोलणं थांबत असे, म्हणून सर व्हरांड्यात फेऱ्या मारत.

एका सकाळी मैदानावरून बिरदेवचा आवाज आला, “थम!”

सर उचललेला पाय आपटून उभे राहिले. मैदानावरून दुसरा हुकूम येईना, ते तसेच उभे. झाडणाऱ्या सोजराबाई खराटा धरून त्यांच्याकडे बघत होत्या.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमाला न्हाई म्हनले त्ये. पोरांला म्हनले. चला तुमी.”